प्रति: चिलखतानं इजा कमी करावी का?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या फाशांवरच्या भूमिका-खेळात चिलखत घातलेल्याला बसणाऱ्या प्रत्येक फटक्याच्या इजेतून सरळ 3 वजा करावेत, अशी सूचना इथं आली आहे, पण ती कट्यारवाल्याला मारते. कट्यारीची इजा ठरवणाऱ्या 4 बाजूंच्या फाशावर 1, 2, 3 वायाच, 4 आला तर 1 इजा, सरासरी 2.5 वरून थेट 0.25. 12 बाजूंच्या फाशाची कुऱ्हाड मात्र 6.5 वरून 3.75 वरच थांबते. त्यामुळे लागलेल्या फटक्याला किमान 1 इजा ठेवाच, आणि हल्ल्याच्या 20 बाजूंच्या फाशावर 20 पडला की वजाबाकी नको.

जड चिलखताची खरी किंमत उन्हात वसूल करा. मोहीम मे महिन्यात देवगिरी चढणार असेल तर डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या नियमांतला उष्णतेचा नियम सोडूच नका: साधारण 38 अंशांच्या वर, प्यायला पाणी नसेल तर दर तासाला सहनशक्तीची चाचणी, चिलखत मध्यम किंवा जड असेल तर दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. आपल्याकडं तर पारा चाळिशी ओलांडतो. अन् देवगिरीच्या अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, पोलादी पत्रे खणखणणारच, तिथं लपायच्या चाचणीलाही तसंच.