अक्कलदाढ काढून तिसरा दिवस, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलंय

डिचोलीकर_वैनी:
नवऱ्याची खालची अक्कलदाढ गुरुवारी काढली. शुक्रवारी गाल सुजला पण दुखणं सोसवत होतं, काल तर पेज पिऊन कामावर पण जाऊन आले, आणि रात्रीपासून जे ठणकायला लागलंय ते पार कानापर्यंत, गोळीने थोडा वेळ बरं की परत तेच. तोंडाला घाण वास येतोय. ताप नाही. टॉर्चने बघितलं तर खड्डा रिकामा दिसतो, आत पांढरट हाडासारखं. आज रविवार, क्लिनिक बंद, डॉक्टर फोन उचलत नाहीत. सासूबाई म्हणतात फेणीचा नायतर लवंग तेलाचा बोळा ठेव. ठेवू का?

म्हापशाचो_बाब:
माझ्या भावाला असंच झालेलं, फार्मसीतून अँटिबायोटिक आणून दिलं, झालं बरं. डॉक्टरकडे कशाला पळायचं.

दातवाली_फोंडा:
बाब, तसं नका सांगू. वैनी, मी डेंटिस्ट आहे, न बघता नक्की बोलणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते ड्राय सॉकेटसारखं वाटतं. दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच खालच्या हाडाचं झाकण असते. ती निघाली किंवा लवकर विरघळली की हाड उघडं पडतं आणि असं कानापर्यंत ठणकतं. खालच्या अक्कलदाढेला हे जास्त होतं, सिगरेट ओढणाऱ्यांना तर फारच. यात अँटिबायोटिकने दुखणं थांबत नाही. खड्डा सलाईनने धुऊन औषधाची पट्टी भरतात, बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो, मात्र पट्टी एक-दोनदा बदलावी लागते.
फेणी अजिबात नको, जखम भाजेल. लवंगेचा अर्क आमच्या पट्टीत पण असतो, पण नुसतं तेल उघड्या जखमेत ओतलं की आजूबाजूचं मांस जळतं. कोमट मिठाच्या पाण्याने हळू चूळ, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, सिगरेट बंद. गोळी दिलीय तेवढीच, वाढवू नका.
सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते त्याला घाबरायचं नसतं, त्यानंतर पण वाढतच राहिली, ताप आला, पू आला तर तो इन्फेक्शनचा मामला, तिथे अँटिबायोटिक लागू शकतं. आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, जीभ वर ढकलल्यासारखी, हनुवटीखाली कडक सूज, यातलं काहीही दिसलं तर सोमवारची वाट न बघता १०८ ला फोन, नायतर सरळ बांबोळीला जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेज) कॅज्युअल्टीत.

साळगावचा_शेजारी:
रक्त पातळ करायची गोळी घेतात का ते? माझ्या पप्पांचं रक्त थांबेना, शेवटी घडी केलेला गॉज अर्धा तास घट्ट चावून धरायला लावला तेव्हा थांबलं. मध्ये मध्ये उघडून बघायचं नाही, आम्ही दर पाच मिनिटांनी बघत होतो. ती गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

डिचोलीकर_वैनी:
नाही, तसलं काही नाही. सिगरेट ओढतात, काल पण ओढली म्हणे, आत्ता कळलं मला 😡. उद्या क्लिनिक उघडल्या उघडल्या नेते, नायतर बांबोळीचं डेंटल कॉलेज आहेच. पेज चालेल ना?

दातवाली_फोंडा:
चालेल, कोमट द्या, गरम नको. हुमण-बिमण तिखट तूर्त राहू दे. डेंटल कॉलेजला गेलात तर जुना एक्सरे आणि चालू गोळ्यांची पानं बरोबर न्या.