स्विफ्ट 30 एमएम खाली घेतली: अलाइनमेंट लगेच की स्प्रिंगा बसल्यावर?

खडीरस्ता
2019 ची पेट्रोल स्विफ्ट, टायर 185/65 आर15. चारही स्प्रिंगा 30 एमएम लोअरिंगच्या टाकल्यात, शॉकअप मूळचेच. हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजलं तर पुढे डावीकडे 350 एमएम, उजवीकडे 343. मागे दोन्ही बाजू सारख्या. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग थोडं डावीकडे कललेलं राहतं. गॅरेजवाल्याचं म्हणणं, हजार किलोमीटर चालवा, स्प्रिंगा बसल्या की अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करू, आत्ता केलं तर पैसे वाया. थांबू का? आणि हा 7 एमएमचा फरक आपोआप जाईल का?

टोइन
थांबू नका. गाडी खाली आली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) वेगवेगळ्या कमानीत फिरतात, म्हणून टो, म्हणजे वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, लगेच बदलतो. स्टिअरिंग कललंय, म्हणजे तो बदललाच आहे.

हिशोब बघा. एकूण टो 1 अंश चुकला, म्हणजे 15 इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत मिळून जेमतेम साडेसहा एमएमचा फरक. यात प्रत्येक चाक अर्धा अंश तिरकं धावतं आणि दर किलोमीटरला पावणेनऊ मीटर आडवं घासलं जातं. हजार किलोमीटरला पावणेनऊ किलोमीटर! पुढच्या टायरची एक कड तेवढ्यात खाल्ली जाते. नंतर अलाइनमेंट कितीही अचूक केलं तरी वाकडा झिजलेला टायर आवाज करतो, गाडी ओढतो. एका जादा अलाइनमेंटचा खर्च दोन टायरांपेक्षा केव्हाही कमी.

लोक कॅम्बरला (समोरून बघता चाक उभ्यात किती कललंय त्याला) घाबरतात. या गाडीला 30 एमएममध्ये निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) साधारण अर्ध्या अंशाच्या आसपास वाढतो. टो बरोबर असेल तर तेवढ्याने टायर आतून खात नाही. आत्ता टो करून घ्या, 800 ते 1000 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

बुशवाला
वरच्यांशी सहमत, पण मशीनवर चढवण्याआधी एक काम राहिलंय. चांगल्या कंपनीच्या स्प्रिंगा कारखान्यातच पूर्ण दाबून घेतलेल्या असतात, त्या स्वतः फारशा बसत नाहीत. नंतर जे काही एमएम खाली येतं ते बहुतेक रबर सीटचं आणि बुशचं.

लोअर आर्मच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते सरकत नाही, पिळलं जातं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर आतली नळी त्याच कोनात अडकते. गाडी खाली ठेवली की रबर पिळून राहतं, ती बाजू वर धरून ठेवतं आणि काही महिन्यांत फाटतं. तुमची डावी बाजू उंच असण्याचं पहिलं संशयित कारण हेच.

गाडी चार खांबी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर चाकांच्या भारावर उभी करा. लोअर आर्मचे बोल्ट आणि मागच्या बीमचे (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) दोन पिव्हट बोल्ट ढिले करा, काढू नका. बंपर चार-पाच वेळा दाबून सोडा, गाडी दोन मीटर पुढेमागे ढकला, मग त्याच उभ्या स्थितीत टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. इम्पॅक्ट गन नको.

तरी फरक राहिला तर स्प्रिंगचं खालचं टोक सीटच्या खोबणीत टेकलंय का ते बघा. टोक खोबणीवर चढून बसलं तरी तेवढेच एमएम उंची वाढते, आणि ते चालवून कधीच जात नाही.

खडीरस्ता
बोल्ट ढिले करून भारावर आवळले. डावीकडे आता 345, उजवीकडे 342. मशीनचा कागद: पुढे कॅम्बर डावा −0°50′, उजवा −1°15′, एकूण टो −0°40′. मागे टो 0°15′, कॅम्बर दोन्हीकडे जवळपास −1°. मागचं काही सेट होतं का?

टोइन
3 एमएम सोडून द्या. उजवीकडे ड्रायव्हर बसतो, तेवढा फरक चालतो. मागे टॉर्शन बीम आहे, तिथे ॲडजस्टमेंट नाही. दोन्ही चाकं एकत्र खाली आल्याने आकडेही फारसे बदलत नाहीत, आणि तुमचे ठीक आहेत. एका बाजूचा टो फार वेगळा आला असता तर बीम वाकलाय का ते बघावं लागलं असतं.

पुढे आधी कॅम्बर, शेवटी टो. क्रम उलटा केला तर कॅम्बर हलवताच टो बिघडतो. शॉकअप आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणारे दोन बोल्ट ढिले करून उजव्या चाकाचा वरचा भाग बाहेर ओढून धरायचा आणि तसंच आवळायचं. भोकांतल्या सैलपणात तुमचा 25 मिनिटांचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक बराच कमी होईल. नाही झाला तर वरच्या भोकात एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट (फिरवला की चाकाचा कल बदलणारा). टो शून्याजवळ आणून घ्या.

बुशवाला
टो करताना समोर उभे राहा. आधी स्टिअरिंग सरळ लॉक करायला लावा. चेकनट (टाय रॉड जागेवर घट्ट धरणारा नट) सोडल्यावर रॅकच्या (टाय रॉड ढकलणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याच्या) रबर बूटची बाहेरची क्लिप सैल केलीच पाहिजे. नाहीतर टाय रॉडसोबत बूट पिळतं, घड्यांवर चिरतं आणि पाणी-माती थेट रॅकमध्ये जाते. पावसाळ्यात रॅक जायला एवढं पुरतं.

दुसरं, शॉकअप मूळचे आहेत. जॅकवर चाक पूर्ण लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरते का ते बघा. फिरली तर ती सीटवरून निसटू शकते, त्या शॉकअपवर गाडी चालवू नका. बंप स्टॉपपर्यंतची (शॉकअप पूर्ण दबू नये म्हणून असलेलं रबर) जागाही जवळपास 30 एमएमने घटलीये, म्हणून पाच जण बसवून स्पीडब्रेकरवर धप्प आवाज येतो का ऐका. बंप स्टॉप कापायचा तर स्प्रिंगसोबतच्या कागदात लिहिलंय तेवढाच.