कॅम्प नोऊवरची ती १-१: अ‍ॅटलेटिकोनं कमावलं की बार्सानं घालवलं?

कॉर्नरफ्लॅग
परवा मित्राशी कडाडून वाद झाला, म्हणून सगळ्यांना विचारतोय. १७ मे २०१४, ला लीगाचा, म्हणजे स्पेनच्या फुटबॉल लीगचा, शेवटचा सामना, बार्सिलोना विरुद्ध अ‍ॅटलेटिको माद्रिद. मित्र म्हणतो, ते विजेतेपद बार्सानं घालवलं, अ‍ॅटलेटिकोला आयतं मिळालं. मला हे अजिबात पटत नाही.

अ‍ॅटलेटिकोचे सामन्याआधी ८९ गुण, बार्साचे ८६. बार्सा जिंकली असती तर गुण समान आणि आपसातल्या सामन्यांच्या हिशेबानं कप त्यांचा. बार्साच्या घरच्या, भरलेल्या कॅम्प नोऊवर पहिल्या पंचवीस मिनिटांतच अ‍ॅटलेटिकोचे दिएगो कोस्टा आणि आर्दा तुरान दोघंही दुखापतीनं बाहेर. कोस्टानं त्या मोसमात लीगमध्ये २७ गोल केले होते! मग बार्साच्या अलेक्सिस सांचेझचा तो अवघड कोनातला सणसणीत गोल. एवढं झाल्यावर भलेभले संघ कोसळतात. अ‍ॅटलेटिकोवाले मध्यंतरानंतर उतरले, व्हियानं चेंडू खांबावर मारला आणि ४९व्या मिनिटाला गाबीच्या कॉर्नरवर गोदीननं हेडर घातला. १९९६ नंतरचं पहिलं विजेतेपद. याला आयतं म्हणायचं?

ठाणेकर१०
आयतं नाही म्हणणार, पण मेस्सीचा गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला, तो विसरू नका. आणि शेवटचे तीन आठवडे बघा. बार्सा गेटाफेशी २-२, एल्चेशी ०-०. अ‍ॅटलेटिको लेव्हांतेकडून हरले, मग घरच्या मैदानावर मालागाला हरवलं असतं तर तिथेच कप हातात होता, तेही जमलं नाही. रिअल माद्रिद सेल्टाकडून हरली. तिघंही घसरत होते, एक जण कमी घसरला. त्यात बार्साचा गोलकीपर वाल्देस जायबंदी, आधीचे प्रशिक्षक टिटो व्हिलानोव्हा एप्रिलमध्येच वारलेले. त्या संघाचं मन कशात असणार?

मेधा_पुणे
टिटोंबद्दल वाईट वाटलंच, आजही वाटतं. पण ठाणेकर, त्या मोसमात हे दोन संघ सहा वेळा भिडले: सुपर कपमध्ये दोनदा, लीगमध्ये दोनदा, चॅम्पियन्स लीगमध्ये दोनदा. बार्सानं सहापैकी एकही सामना जिंकला नाही. सुपर कप मिळाला तोही दोन्ही सामने बरोबरीत सुटल्यावर, परक्या मैदानावर केलेला गोल जास्त धरतात म्हणून. सहा सामन्यांत ज्यांना हरवता येत नाही, त्यांनी विजेतेपद घालवलं कसं?

आणि पैशाचं कुणी बोलतच नाही. तेव्हा स्पेनमध्ये प्रत्येक क्लब टीव्हीचे हक्क स्वतंत्र विकायचा. रिअल आणि बार्साला प्रत्येकी मिळायचं त्याच्या साधारण तिसरा हिस्सा अ‍ॅटलेटिकोला. हक्क एकत्र विकायचा कायदा २०१५ साली आला. त्या विषम बाजारात, चेल्सीकडून उसना आणलेला गोलकीपर कुर्त्वा आणि बार्सानंच अगदी स्वस्तात सोडलेला व्हिया घेऊन हे ९० गुणांवर पोचले. माझ्या मते या शतकातलं स्पेनमधलं सगळ्यात मोठं विजेतेपद हेच.

सुंदर_पास
ताई, पैशाचा मुद्दा मान्य. पण मला तो खेळ बघवत नाही. गोल फेडला की सगळे आपल्या बॉक्ससमोर! लाखो मुलं बार्साचा इनिएस्टा बघून खेळायला लागली, असा बचाव बघून किती लागली असतील?

पेठेतला_स्टॉपर
मी लागलो, दादा. कोल्हापूरच्या मैदानावर मागे उभा राहणारा पोरगा होतो, गोल करणाऱ्यांनाच खांद्यावर घेतलेलं बघत आलेलो. त्या रात्री अ‍ॅटलेटिकोचे बचावपटू गोदीन आणि मिरांडा बघितले आणि कळलं, चेंडू कुठं पडणार हे आधी ओळखणं हीसुद्धा कला आहे. ३८ सामन्यांत फक्त २६ गोल खाल्ले त्यांनी. आणि केले किती? ७७. नुसतं बॉक्ससमोर उभं राहून ७७ होत नाहीत.

ठाणेकर१०
मेधाताई, सहा सामन्यांचं माझ्या डोक्यात नव्हतं. तेवढ्यापुरता शब्द मागे घेतो. मेस्सीच्या गोलबद्दल नाही.

कॉर्नरफ्लॅग
त्या गोलवर भांडू की. पण शिट्टी वाजल्यावर कॅम्प नोऊवरचे बार्साचे लोक उभं राहून अ‍ॅटलेटिकोसाठी टाळ्या वाजवत होते. मेस्सीचा गोल त्यांनीही डोळ्यांसमोर रद्द होताना बघितला होता.