सल्ला हवा: आईचं विसरणं वयाचं, की अल्झायमरची सुरुवात? (ठाणे)

नौपाडा_लेक: आई ७१ वर्षांची. जांभळी नाक्यावर जन्मभर भाजी घेत आली आणि परवा तिथूनच घरचा रस्ता सुचेना. विजेचं बिल दोनदा भरलं. खिचडी परतताना मला विचारते, दाण्याचं कूट आधी की साबुदाणा? चष्मा कुठे ठेवला हे विसरणं निराळं, हे निराळं वाटतंय. कुणाला दाखवू? तपासण्या ५,००० च्या आत बसायला हव्यात.

वाशीकर६२: थेट एमआरआय. आम्ही वडिलांच्या मेंदूचा पेट (PET) स्कॅनसुद्धा केला. आईवडिलांसाठी पैशाकडे बघू नये.

कळवेकर: ब्राह्मी सुरू करा. आमच्या सासूबाई ८४ च्या, भिशीचा हिशोब अजून तोंडपाठ.

घोडबंदर_सई: कळवेकर, ब्राह्मीने अल्झायमर बरा होत नाही, कृपया वेळ घालवायला सांगू नका. ताई, आधी रक्त तपासा: बी१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर. शाकाहारी असतील तर बी१२ नक्कीच. कानाला कमी येतंय का, मन उदास असतं का, झोपेची गोळी चालू आहे का, तेही बघा. कारण यातलं असेल तर उपचाराने फरक पडू शकतो. मग न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचे डॉक्टर. ते कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावतात, ३० गुणांची प्रश्नावली घेतात. काय घडलं ते तारखेसकट लिहून न्या. माझी आत्या डॉक्टरांसमोर इतकं व्यवस्थित बोलायची की आम्हीच खोटे पडायचो.

वाशीकर६२: शेवटी एमआरआय लागतोच. मी तेच म्हटलं होतं.

जुनं_ठाणे: घोडबंदरला डॉक्टर बघू नका, कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्येच तास जातो.

घोडबंदर_सई: मी तिकडचा डॉक्टर सुचवलाच नाहीये!

नेरुळ_माधव: व्यवहार समजतात तोवर बँक खात्याला दुसरं नाव लावा, मृत्युपत्र उरका. आमच्याकडे सगळं निदानानंतर निघालं, बहीणभावांत अबोला झाला. आणि त्यांना एकटं बाहेर सोडू नका.

कळवेकर: बी१२ चं मीही सांगणार होतो. गॅसही बंद करा, स्वयंपाक नको.

घोडबंदर_सई: निदान झालंच तर डोनेपेझिलसारख्या गोळ्या देतात. काहींना त्याने काही काळ बरं जातं, पण आजार थांबत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत.

नौपाडा_लेक: सगळ्यांचे आभार. रक्त उद्या देतोय, न्यूरोलॉजिस्टची वेळ सोमवारची मिळाली. एमआरआय त्यांनी सांगितला तरच. भाजी आणि स्वयंपाक मात्र मी बंद करणार नाही, तेवढ्यावरच ती खूश असते. पर्समध्ये माझा नंबर ठेवलाय, नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींना सांगून ठेवलंय, गॅसजवळ मी उभी राहीन. खात्याचं आज भावाशी बोलते.