मदत हवी आहे: घरच्या फ्लाइट सिमसाठी रडर पेडल्स खऱ्यासारखी कशी लावावीत? (सेसना १७२)

मंडळी, जाणकारांनी जरा मार्गदर्शन करावे.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मी सेसना १७२ हे छोटं एका इंजिनाचं विमान उडवतो. आजवर जॉयस्टिकची मूठ पिळून रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं पातं) चालवायचो, आता पेडल्स घेतली आहेत. मधल्या किमतीची, स्प्रिंगवाली, टो ब्रेकसकट (पेडलचा वरचा भाग चवड्याने दाबला की चाकाचा ब्रेक लागतो). विंडोजने ओळखली, कुठल्या पेडलने काय हलायचं ते अक्ष नेमून दिले, इथपर्यंत सगळं ठीक. पण टेकऑफला विमान धावपट्टीवर नागमोडी पळतं. थ्रॉटल दिला की नाक डावीकडे, उजवा पाय दिला की भसकन उजवीकडे, सावरायला जावं तर गवतात.

सेन्सिटिव्हिटी उणे ५० केली तर सरळ पळतं. मग उतरताना आडव्या वाऱ्यात पाय अर्धा दाबला तरी नाक ढिम्म, आणि शेवटच्या टोकाला एकदम वळतं.

मला सोपं करून नकोय, खऱ्या १७२च्या जवळ जायचंय. कर्व्ह (म्हणजे हीच सेन्सिटिव्हिटी, पाय किती दाबला की रडर किती हलतो) आणि डेडझोन (मधला काहीच न हलणारा भाग) किती ठेवू? दुसरं म्हणजे खुर्ची चाकांची आणि खाली गुळगुळीत टाइल्स, त्यामुळे पाय दाबला की मी मागे आणि पेडल्स पुढे. घर भाड्याचं, जमिनीत भोक पाडता येणार नाही. सुताराला काय सांगू?

प्रतिसाद १

सेटिंग्ज राहू द्यात, आधी खुर्चीचं बघा. खुर्ची सरकते तेव्हा तुमच्या जोरातला किती पेडलला गेला आणि किती चाकांना, हे पायाला कळतच नाही. असल्या बैठकीवर कुठलाच कर्व्ह बरोबर वाटणार नाही.

सुताराला १८ मिमीचा प्लाय सांगा, खुर्चीपासून पेडल्सपर्यंत पुरेल एवढा लांब. पुढे पेडल्स स्क्रूने पक्की, मागे खुर्चीची चाकं बसतील अशा गोल खाचा, खालून रबर मॅट. तुमचंच वजन फळीवर असल्यामुळे जमिनीला काही करावं लागत नाही. पेडल्सवाला भाग पुढून थोडा उचलून तिरका करून घ्या.

तो तिरकेपणा का, तर ऑफिसची खुर्ची उंच असते. सेसनात बसलं की पाय बरेचसे पुढे जातात, इथे ते खाली जातात. खाली दाबताना घोटा वाकतो, चवडा पेडलच्या वरच्या भागावर चढतो आणि रडरबरोबर ब्रेकही लागतो. तुमच्या नागमोडीमागे हेच असावं असा माझा संशय आहे. खुर्ची जमेल तेवढी खाली घ्या. टाच जमिनीवर, चवडा पेडलच्या खालच्या भागावर. एक पेडल शेवटपर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. जाड सोलचे बूट नकोत, मोज्यांवर उत्तम कळतं.

खात्री करायची तर विंडोजमध्ये जॉय.सीपीएल (जॉयस्टिक-पेडल्स तपासायची खिडकी) चालवा आणि फक्त रडर दाबून ब्रेकच्या पट्ट्या बघा. त्या हलायला नकोत. आणि हो, सिममध्ये ब्रेकचे अक्ष उलटे नेमले जाणं फार सर्रास होतं. पाय काढला की ब्रेक पूर्ण लागतो आणि माणूस इंजिनाला दोष देत बसतो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. मी १७२वर प्रशिक्षण घेतलंय म्हणून थोडी भर.

खऱ्या विमानात पुढचं चाक पेडल्सना स्प्रिंगमधून जोडलेलं असतं. नुसत्या पेडलने ते दोन्ही बाजूंना साधारण १० अंश वळतं, एका बाजूचा ब्रेक लावला तर ३० अंशांपर्यंत. म्हणजे टॅक्सी करताना (जमिनीवर हळू चालवताना) पेडल जड लागतं आणि विमान आळसटपणे वळतं. वेग वाढला की शेपटीवर हवा लागते आणि थोड्या पायात काम होतं. घरच्या पेडल्सची स्प्रिंग मात्र उभी असो वा उडती, सारखाच जोर मागते. हा फरक कर्व्हने भरून निघत नाही, त्याचा नाद सोडा.

पण घरच्या पेडलची धाव आखूड असते, त्यामुळे मधला भाग थोडा मऊ करणं गैर नाही. शून्यावर सुरू करा, फार तर उणे २०. उणे ५०ला मध्य मेलेला आणि टोकं तिखट होतात, तुम्हाला आलेला अनुभव तोच आहे. डेडझोन २-३ टक्के बास, तोही सेन्सरची थरथर झाकण्यापुरता. ऑटो-रडर (सिमने स्वतःच रडर चालवायची सोय) बंद आहे ना तेही बघा, नाहीतर तुम्ही आणि संगणक दोघंही पाय मारताय.

राहिलं टेकऑफ. थ्रॉटल एका झटक्यात देऊ नका, तीन-चार सेकंद घ्या आणि त्याच्याबरोबरच उजव्या पायाचा दाब वाढवत न्या. पंख्याचा झोत शेपटीवर डावीकडून आदळतो, शिवाय इंजिनाचा टॉर्क आहे. नाक डावीकडे जाणारच आहे हे माहीत असताना ते जाईपर्यंत थांबायचं कशाला? ५५ नॉट्सला नाक उचललं की चाकाची मदत संपते, तेव्हा पाय सैल सोडू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. जॉय.सीपीएलमध्ये पाहिलं: उजवा पाय पूर्ण दाबला की उजव्या ब्रेकची पट्टीही हलते. खुर्ची खाली घेतल्यावर बरीच कमी झाली. प्लाय सांगून आलोय. सेटिंग नीट जमलंय हे तपासायला एखादी ठरावीक चाचणी आहे का? आणि एअरबसच्या ए३२० या मोठ्या प्रवासी जेटलाही हाच कर्व्ह चालेल?

प्रतिसाद २

मुंबई विमानतळाची १४/३२ धावपट्टी (एका टोकाकडून साधारण १४० अंशांची दिशा, दुसऱ्याकडून ३२०) घ्या आणि वारा हाताने २३० अंशांवरून १० नॉट्स लावा. पावसाळी नैर्ऋत्य वारा, बरोबर काटकोनात. ३२वरून निघालात तर वारा डावीकडून, म्हणजे वारा आणि इंजिन दोघंही नाक डावीकडेच ओढतात आणि उजवा पाय भरपूर लागतो. १४वरून वारा उजवीकडून येतो, त्यामुळे दोन्ही ओढी एकमेकींच्या विरुद्ध जातात आणि पाय बराच कमी लागतो. हा फरक पायाला स्पष्ट जाणवला तर कर्व्हला परत हात लावू नका.

ए३२०साठी वेगळा प्रोफाइल करा. तिथे पेडल्सनी पुढचं चाक जेमतेम ६ अंश वळतं, टॅक्सीची वळणं टिलरने (चाक वळवायची हाताची मूठ), ७५ अंशांपर्यंत. टिलरचा अक्ष जॉयस्टिकच्या पिळाला द्या, तो आता मोकळाच आहे. हवेत वळताना समन्वय विमान स्वतःच ठेवतं, पाय स्वस्थ ठेवायचे. लागतात ते आडव्या वाऱ्यात उतरताना आणि एखादं इंजिन गेल्यावर.