मदत हवी आहे: इलेक्ट्रॉन होलोग्राफीतली फेजची उडी ताणामुळेच आहे हे ओळखायचं कसं?

फेज_अडकली: लवकर सांगा प्लीज, पुढच्या आठवड्यात गाईडना दाखवायचंय. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या होलोग्राममधून फेज (नमुन्यातून जाताना इलेक्ट्रॉनची लहर किती सरकली ते) काढली, लेयरपाशी मस्त उडी दिसते पण सिम्युलेशनपेक्षा बरीच मोठी येतेय. ताणामुळे आतलं विद्युत पोटेन्शियल बदललं असं लिहू का? सॉफ्टवेअर तपासून झालंय, ते सुचवू नका.

पवईकर: मटेरियल कुठलं? किती केव्ही (इलेक्ट्रॉनचं व्होल्टेज)? झोन ॲक्सिसपासून (स्फटिकाच्या मुख्य दिशेपासून) टिल्ट केलं होतंस का? जाडी किती?

फेज_अडकली: सिलिकॉनवर सिलिकॉन-जर्मेनियम, २० टक्के जर्मेनियम. २०० केव्ही. लॅमेला (पातळ काप) एफआयबीने, म्हणजे आयनांच्या झोताने काढलेली, १०० नॅनोमीटरच्या आसपास.

ठाणे_स्लो: रामन (लेझरचा विखुरलेला प्रकाश मोजणं) करा सरळ, सिलिकॉनचा ५२० चा पीक सरकला की ताण कळतो, एवढा खटाटोप कशाला.

पवईकर: रामनचा स्पॉट मायक्रॉनच्या घरातला, इथे लेयर नॅनोमीटरमधे. आणि विचारलंय पोटेन्शियलबद्दल.

ठाणे_स्लो: अहो पण ताणच माहीत नसेल तर पोटेन्शियलचं काय सांगणार?

कुलाबा_लॅब: त्यासाठी डार्क-फील्ड होलोग्राफी (डिफ्रॅक्ट झालेल्या, म्हणजे स्फटिकाने वळवलेल्या झोताची) आहे की, २००८ पासून. त्याच लॅमेलावर ताणाचा नकाशा मिळतो.

पवईकर: आधी हिशोब बघा. २०० केव्हीला एका व्होल्टला दर नॅनोमीटरमागे ०.००७३ रेडियन. सिलिकॉनचं मीन इनर पोटेन्शियल (स्फटिकातलं सरासरी पोटेन्शियल) साधारण १२ व्होल्ट, ताणाने आकारमान १ टक्का आक्रसलं तर ०.१२ व्होल्ट वाढ, म्हणजे १०० नॅनोमीटरला ०.०९ रेडियन. आता लॅमेला तिथे नुसती १ नॅनोमीटर जाड असली तरी तेवढाच फरक पडतो! शिवाय जर्मेनियममुळे ०.४ व्होल्टच्या आसपास आपोआप येतात, ते धरलेस ना?

फेज_अडकली: धरलेत. जाडी सगळीकडे सारखीच आहे.

कुलाबा_लॅब: सारखी कशावरून? ईईएलएसने (इलेक्ट्रॉनने गमावलेली ऊर्जा मोजून) लेयरच्या आरपार बघितलीस का? आणि एवढ्या पातळ लॅमेलात ताण पृष्ठभागाकडे सैल होतो, इंटरफेसपाशी अणूंचे प्लेन वाकतात, मग तिथेच डिफ्रॅक्शन बदलतं आणि फेज पोटेन्शियलची राहत नाही. दोन-तीन टिल्टला होलोग्राम घे. उडी टिल्टबरोबर हलली तर ती पोटेन्शियलची नाही.



फेज_अडकली: आमच्याकडे मायक्रोस्कोपचा स्लॉट मिळायला महिना जातो हो, आहे त्या डेटावर काही नाही का होणार?

पवईकर: लेयरपासून लांबच्या सिलिकॉनमधे फेज सपाट आहे का बघ. तिथेच उतार असेल तर जाडी बदलतेय. आणि उडी नक्की किती रेडियनची ते अजून सांगितलं नाहीस.