मेंब्रेन 'भिजली' की पाणी 'मुरलं'?

गोदाकाठ: नाशिकजवळच्या अंबडच्या एका प्लेटिंग (धातूचा मुलामा देणाऱ्या) कारखान्यासाठी मराठी सूचनापत्रक करतेय. सांडपाणी ६०-७० अंशांना तापवून टेफ्लॉनच्या मेंब्रेनलगत, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या पातळ पडद्यालगत, फिरवतात. छिद्रं ०.१ ते १ मायक्रॉनची. त्यांतून फक्त वाफ जाते, पलीकडे गार होऊन तिचं पाणी होतं. निकेल, क्षार अलीकडेच राहतात. साबण किंवा तेल आलं की छिद्रांत पाणीच शिरतं. मी लिहिलं, 'मेंब्रेन भिजल्यास पंप बंद करा.' ऑपरेटर म्हणाला, "ताई, ती तर दिवसभर पाण्यातच असते. भिजली कधी समजायचं?" खरंय त्याचं. शब्द सुचवा. शीर्षक 'पटल ऊर्ध्वपातन' (मेंब्रेन डिस्टिलेशन) ठेवलंय.

सातपूरकर: शीर्षकात घोळ आहे. हिंदीत ऊर्ध्वपातन म्हणजे कापूर उडतो ते, आपलं संप्लवन. वर्कशॉपवर निम्मी मुलं हिंदीत शिकलेली.

निफाडची सून: मग हिंदीतलं 'आसवन'?

सातपूरकर: नको हो. द्राक्षासव आंबवतात, त्याची वाफ कुठे धरतात?

जुनी पोथी: आयुर्वेदातल्या रसशास्त्रात पाऱ्याची पातनं तीन: ऊर्ध्व, अधः, तिर्यक्. इथे वाफ आडवी पलीकडे जाते. तिर्यक्पातनच म्हणा! हाताशी शब्द असताना उसने कशाला?

निफाडची सून: आजी ओव्याचा अर्क काढायची. पातेल्यात मधोमध वाटी, वर उलटं झाकण, झाकणावर गार पाणी. थेंब वाटीत. त्याला ती 'अर्क गाळला' म्हणे. दारूही गाळतातच. 'वाफ गाळणे' लिहा, सगळ्यांना कळेल.

गोदाकाठ: 'गाळणे' वाचून कुणी फिल्टरसारखा दाब वाढवला तर छिद्रांत पाणी घुसेल. तो शब्द मी नाही लिहिणार. भिजण्याचं सांगा ना.

निफाडची सून: भिंतीत पाणी मुरतं, तसं 'छिद्रांत पाणी मुरलं'.

सातपूरकर: मुरायला वेळ लागतो. साबणाचं पाणी आलं तर झटक्यात होतं ते. आमच्याकडे 'मेंब्रेन पाझरली' म्हणतात.

गोदाकाठ: पाझरली म्हटलं की माणूस फाटलंय कुठे ते शोधत बसेल. इथे मेंब्रेन अखंड असते. क्षार पलीकडे जाऊन तिथल्या पाण्याची वाहकता (वीज वाहण्याची क्षमता) वाढते तेव्हाच कळतं. 'मुरलं' बरं वाटतंय. उद्या पत्रक छापायला जातंय, कुणाचा ठाम आक्षेप?

जुनी पोथी: तिर्यक्पातन लिहिणार असाल तर 'क्'चा पाय मोडा. 'तिर्यकपातन' छापलेलं बघवत नाही.

सातपूरकर: पोथीबुवा, मॉड्यूल (मेंब्रेन बसवलेला संच) आडवं बसवलं तर वाफ खालून वर जाते. मग ऊर्ध्व की तिर्यक्?